'किल बिल'वर खान्देशात दोन तट का पडतात

अमेरिकन दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनोच्या 'किल बिल' या सूडपटाचा पहिला भाग अमेरिकेत ऑक्टोबर २००३ मध्ये लागला, दुसरा एप्रिल २००४ मध्ये. वीसेक वर्षं उलटली, तरी जळगाव-धुळ्याकडच्या पिच्चरवेड्या मंडळींत विषय निघाला की सरळ दोन तट पडतात. एका तटाला त्यात रक्ताच्या चिळकांड्यांपलीकडे काही दिसत नाही. "पन ती कसाले मारी ऱ्हायनी?" (पण नायिका मारते आहे कशासाठी?) हा त्यांचा प्रश्न, आणि पहिला भाग संपेपर्यंत त्याला धड उत्तर मिळत नाही हेही खरं. दुसरा तट म्हणतो, कसाले ते सोडा, कशी मारते ते बघा. या दोघांच्या मागं बहुतेक वेळा एक तिसरा गृहस्थ असतो, पन्नाशी ओलांडलेला, व्हिडिओच्या जमान्यात वाढलेला. टॅरंटिनो कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नायिकेचा काळ्या पट्ट्यांचा पिवळा पोशाख बघितला की तो म्हणतो, हा तर ब्रूस लीचा ड्रेस.

त्याचं बरोबर आहे. ब्रूस ली २० जुलै १९७३ रोजी गेला, तेव्हा 'गेम ऑफ डेथ' अर्धवट राहिला होता. तोतये उभे करून तो १९७८ मध्ये कसाबसा पुरा केला गेला. पिवळा पोशाख त्यातलाच. टॅरंटिनोनं ही उचल लपवलेली नाही. त्याच्या पिच्चरची सुरुवातच शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या जुन्या कंपनीच्या बोधचिन्हानं होते. म्हणजे ज्याला ते चिन्ह ओळखता येतं त्याला तो दारातच सांगतो की पुढं काय वाढून ठेवलंय. ज्याला ओळखता येत नाही तो थेट मारामारीत जाऊन पडतो आणि गांगरतो. मतं फाटतात ती इथं. आधी काय काय पाहिलं आहे, यावर या पिच्चरबद्दलचं मत जेवढं ठरतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कुठल्या पिच्चरचं ठरत असेल.

या 'आधी'ची सुरुवात फार मागं जाते. चीनमध्ये तलवारबाज वीरांच्या कथा शतकानुशतकं सांगितल्या जात होत्या. शांघायच्या स्टुडिओंनी १९२० च्या दशकात त्या पडद्यावर आणल्या आणि लोक एवढे वेडावले की १९३१ मध्ये तिथल्या राष्ट्रवादी सरकारनं असल्या पिच्चरांवर बंदी घातली. पुढं हा धंदा हाँगकाँगला फोफावला. १९६६ मध्ये किंग हू या दिग्दर्शकानं 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये चेंग पेई-पेई या तरुणीच्या हाती शस्त्र दिलं. ती बॅले शिकलेली होती, लढवय्यी नव्हती, आणि किंग हूला तेच हवं होतं. त्याच्या लेखी मारामारी म्हणजे नाच होता, ठेक्यावर बसवलेला. तो ठेका पेकिंग ऑपेरा या चिनी संगीतनाट्याचा. हाँगकाँगचे कितीतरी स्टंटवाले लहानपणी याच ऑपेराच्या शाळांत कोलांट्या मारायला शिकले, जॅकी चॅन त्यातलाच. 'किल बिल'च्या मारामाऱ्या बसवणारे युएन वू-पिंग याच मातीतले. जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर' (१९७८) त्यांचा आणि 'द मेट्रिक्स'मधली हवेतली हाणामारीही त्यांचीच.

टॅरंटिनोनं नुसते पोशाख नाही, माणसंही जुन्या पिच्चरांतून उचलली. 'थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८) गाजवणारा गॉर्डन लिऊ इथं दोन भूमिकांत आहे. पहिल्या भागात तो गुंडांचा म्होरक्या, दुसऱ्यात पांढऱ्या भुवयांचा पाई मेई. हा पाई मेई शॉ ब्रदर्सच्या पिच्चरांतला जुना खलनायक, टॅरंटिनोनं त्याला गुरू केलं. दाढी कुरवाळत शिष्येला लाकडाच्या फळीवर बुक्क्या मारायला लावणारा हा खडूस म्हातारा आपल्याकडच्या प्रेक्षकाला न सांगता कळतो. तालमीत असा एखादा वस्ताद त्यानं पाहिलेला असतो.

रक्ताची गोष्ट मात्र चीनची नाही, जपानची. तिथं सूड हा एके काळी रीतसर व्यवहार होता. इदो काळात (१६०३-१८६८) सामुराईला बापाच्या खुन्याचा सूड घ्यायचा तर आधी सरकारदरबारी नोंद करावी लागे. त्यानंतरच्या मेइजी सरकारनं १८७३ मध्ये तो व्यवहार बंद केला. धन्यासाठी सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस रोनिनांची (धनी उरला नाही अशा सामुराईंची) अठराव्या शतकाच्या आरंभीची हकिकत काबुकी या जपानी नाट्यप्रकाराच्या रंगमंचावर आली आणि आजवर तिथून उतरलेली नाही. काबुकीत वीर मध्येच थांबतो, डोळे वटारून एक ठाशीव पवित्रा घेतो आणि लोक ओरडून दाद देतात. जपानी तलवारपटांनी हे थांबणं जसंच्या तसं घेतलं. कुरोसावाच्या 'सान्जुरो'च्या (१९६२) शेवटी दोघं समोरासमोर नुसते उभे राहतात, उभेच राहतात, मग एकच वार आणि रक्ताचा फवारा. तो फवारा पुढं तलवारपटांचा शिरस्ताच झाला. 'लेडी स्नोब्लड' (१९७३) तर आईच्या वैऱ्यांचा सूड घेण्यासाठीच जन्माला घातलेल्या मुलीची कथा. पांढरी किमोनो, पांढरा बर्फ, त्यावर लाल. 'किल बिल'च्या पहिल्या भागातलं बर्फाळ बागेतलं शेवटचं द्वंद्व तिथून आलंय आणि 'लेडी स्नोब्लड'ची नायिका मेइको काजीनं गायलेलं गाणंसुद्धा. माझ्या मते ते द्वंद्व म्हणजे आख्ख्या पिच्चरचा कळस. त्याआधीची 'क्रेझी एटी-एट' टोळीची कत्तल लांबते, त्यात मजा आहे पण दम लागतो. बागेत मात्र पाण्यानं भरून टक्कन आपटणारी बांबूची नळी ताल धरते आणि नायिका व तिची वैरीण ओ-रेन इशी शांतपणे एकमेकींना जोखतात.

त्या कत्तलीत पिच्चर मध्येच कृष्णधवल होतो. सीडी लावून बघणाऱ्याला वाटावं, प्रिंटच खराब. कारण साधं होतं. एवढं लाल रक्त अमेरिकेच्या रेटिंग मंडळाला चाललं नसतं. जपानच्या आवृत्तीत तोच भाग रंगीत आहे.

हे सगळं तापीच्या काठापर्यंत पोहोचलं कसं? एक वाट थिएटरची. 'एंटर द ड्रॅगन' (१९७३) भारतभर धो-धो चालला आणि त्यानंतर तालुक्याच्या गावांतसुद्धा कराटे क्लासच्या पाट्या लागल्या. हिंदीवाल्यांनीही हात मारून घेतला, मिथुन चक्रवर्तीचा 'कराटे' (१९८३) हे त्याचं फळ. दुसरी वाट व्हिडिओची. १९८२ च्या एशियाडच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग भाड्यानं मिळणारे व्हीसीआर. गणपतीत, जत्रेत, लग्नघरी जागरणाला एका रात्रीत तीन-तीन पिच्चर लागायचे, त्यात एखादा कराटेचा ठरलेला. चिनी तोंडं, इंग्रजी डबिंग आणि समोर अहिराणी बोलणारी मंडळी, पण कुणाचं काही अडलं नाही. गुरूला मारलं, शिष्य शिकला, शिष्यानं मारलं. याला सबटायटल कशाला लागतात? पुढं केबलवर हेच पिच्चर हिंदीतून बोलू लागले.

मालेगावचा उल्लेख इथं टाळता येत नाही. ते नाशिक जिल्ह्यात असलं तरी अहिराणी तिथवर जाते आणि पिच्चरच्या वेडात तर ते चार पावलं पुढंच. शुक्रवारी यंत्रमाग बंद, आणि कामगारांची रांग थिएटरवर. तिथं व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटामुळं ते जगभर माहीत झाले. पाहिलेल्या पिच्चरचे तुकडे प्रेमानं गोळा करायचे, आपल्या गावात बसवायचे आणि वर त्याची थोडी टिंगलही करायची, हे मालेगावनं केलं. टॅरंटिनोनं वेगळं काय केलं? तोही तरुणपणी कॅलिफोर्नियात व्हिडिओच्या दुकानात कामाला होता. पैशांचा फरक सोडला तर स्वभाव एकच.

मग तक्रार कुठून येते? मला वाटतं, ती हिंदी पिच्चरनं लावलेल्या सवयीतून येते. १९७३ याच साली 'जंजीर' आणि 'यादों की बारात' आले, दोन्ही सलीम-जावेद यांचे. दोन्हींत मूल आईबापांचा खून डोळ्यांनी बघतं. 'जंजीर'मध्ये खुन्याच्या मनगटावरच्या साखळीतला घोडा त्या मुलाच्या स्वप्नात येत राहतो. 'शोले'त (१९७५) ठाकूरच्या घरादाराची कत्तल आपल्याला सविस्तर दाखवली जाते, झोपाळ्यासकट. हिंदी सूडपट आधी हिशेब मांडतो. घर दाखवतो, गाणं दाखवतो, मग ते घर उद्ध्वस्त करतो आणि प्रेक्षकाच्या मनात राग पुरता साठला की नायकाच्या हाती काठी देतो. 'खून भरी माँग'मध्ये (१९८८) रेखाचा सूड लोकांना पटला, कारण मगरीच्या तोंडी देणारा नवरा लोकांनी पाहिला होता.

'किल बिल' हा क्रम मोडतो. सुरुवातीला रक्ताळलेला चेहरा, एक वाक्य, एक गोळी. बस्स. त्यानंतर लगेच ती एकीच्या घरी जाऊन तिला मारते, आणि ती नायिकेच्या सूडाच्या यादीतली दुसरी असते. पहिलीची गोष्ट नंतर येते. नायिकेचं नावसुद्धा पहिल्या भागात बीप लावून दाबलेलं आहे. आधी हिशेब मागणाऱ्या प्रेक्षकाला हे उधारीचं खातं वाटतं. त्याची तक्रार मूर्खपणाची नाही. त्याला वेगळ्या पद्धतीनं गोष्ट सांगितली जाते आहे आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

गंमत म्हणजे पिच्चरमधला हिंदी वळणाचा एकमेव भाग सगळ्यांना आवडतो. ओ-रेन इशीचं बालपण, पलंगाखाली लपून आईबापांचा खून बघणारी मुलगी. हा भाग ॲनिमेशनमध्ये आहे, जपानच्या प्रॉडक्शन आय.जी.नं केलेला. त्याची कल्पना कमल हासनच्या 'अभय' (२००१) या पिच्चरमधल्या ॲनिमेशनवरून सुचली असं खुद्द टॅरंटिनोनं आपल्याला सांगितल्याचं अनुराग कश्यप यांनी म्हटलं आहे. म्हणजे आपलाच माल फिरून आपल्याकडं आला.

"असं कुठं असतं का, एक बाई अठ्ठ्याऐंशी जणांना कापते?" या आक्षेपाचं मात्र मला नवल वाटतं. साक्री-पिंपळनेरच्या आदिवासी पट्ट्यात आणि लगतच्या बागलाण-सुरगाण्याकडं भवाडा होतो. लाकडी मुखवटे चढवून रात्रभर देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात. संबळ आणि पिपाणीच्या ठेक्यावर पावलं पडतात, शस्त्रं फिरतात, पण अंगाला लागत नाहीत. शेवटी देवी महिषासुराला मारते. एक बाई, समोर दैत्य, आणि सगळं गाव जागं राहून बघतं. तिथं कुणी खऱ्या-खोट्याचा हिशेब करत नाही, पाऊल ठेक्यात पडलं की नाही ते बघतं. पडद्याचंही तेच. १९३५ मध्ये 'हंटरवाली'त फियरलेस नाडियानं चाबूक फिरवून पुरुषांना लोळवलं तेव्हा लोकांनी शिट्ट्याच मारल्या. मारामारी खरी दिसली पाहिजे हा हट्ट त्या मानानं अलीकडचा, आणि माझ्या मते उसना.

दुसऱ्या भागाची मतं उलटी फिरतात. (पाहिला नसेल त्यांनी पुढचं सोडून द्यावं.) त्यात मारामारी थोडी आणि बोलणं फार. वाळवंट, रिकामं चर्च, एन्नियो मोरिकोनेचं संगीत, म्हणजे चीन-जपानातून गाडी इटालियन वेस्टर्नकडं, म्हणजे काउबॉयपटांकडं वळते. 'शोले'च्या मागंही तेच वेस्टर्न होते, त्यामुळं आपल्याला ही जागा परकी वाटत नाही. इथं एकदाचं कारण कळतं: ती पोटुशी असल्याचं लपवून बिलला, म्हणजे सुरुवातीची गोळी झाडणाऱ्याला, सोडून गेली होती आणि बिलला ते सोसलं नाही. पहिल्या भागावर नाकं मुरडणारे इथं येऊन बसतात, आणि मार बघायला आलेले जांभया देतात. पहिल्या भागात जिच्या आईला मारलं त्या चिमुरडीला नायिका तिथंच सांगते की मोठी झाल्यावरही हे सलत असेल तर मी तुझी वाट बघेन. हा संवाद दोन्ही तटांना पाठ असतो, प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

मुळात हा एकच पिच्चर होता, लांबी वाढली म्हणून दोन झाले. टॅरंटिनोनं दोन्ही जोडलेली चार तासांवरची आवृत्ती २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या आपल्या न्यू बेव्हर्ली थिएटरात दाखवली. तीत ती कत्तल रंगीत आहे आणि पहिल्या भागाच्या शेवटी नायिकेची मुलगी जिवंत असल्याचं जे फोडलं जातं तेही काढलेलं आहे. रंगाबद्दल कुरकुरणाऱ्यांची सोय झाली. कारण विचारणाऱ्यांना मात्र आता सलग बसून वाट बघावी लागते.