हॉट स्टोव्ह लीग

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी नाहीतर नोव्हेंबरच्या पहिल्या दोनचार दिवसांत संपतो, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर फ्लोरिडा-अ‍ॅरिझोनात सराव शिबिरं सुरू होतात. मधल्या साडेतीन महिन्यांत कोण खेळाडू कुठे गेला, कोणाला विकलं, कोणत्या मॅनेजरला (बेसबॉलमध्ये म्हणजे संघाचा मुख्य कोच) नारळ दिला यावर चाहते जो अखंड वाद घालत बसतात त्याला हॉट स्टोव्ह लीग म्हणतात. लीग नावापुरतीच, मॅच एकही होत नाही. नाव १९व्या शतकाच्या अखेरचं, थंडीत गावातल्या दुकानात शेगडीभोवती कोंडाळं करून लोक बेसबॉलच्या गप्पा हाणायचे त्यावरनं पडलेलं. जपान आणि कोरियातही या हिवाळी उलाढालीला स्टोव्ह लीगच म्हणतात.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण मुंबई इंडियन्सचं. डिसेंबर २०२३ मध्ये रोहितला बाजूला करून हार्दिकला कॅप्टन केलं तेव्हा केवढा गदारोळ उठला, पुढे वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली, तसलं काहीतरी ३० संघांमध्ये दर हिवाळ्यात चालू असतं असं समजा. फरक असा की आयपीएलचा लिलाव एकदोन दिवसांत उरकतो आणि प्रत्येक संघाच्या खिशात किती पैसे ते आधीच ठरलेलं असतं, बेसबॉलमध्ये लिलावही नाही आणि खर्चाला वरची मर्यादाही नाही. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची, अख्ख्या वादाची मेख तिथंच आहे. अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये पगारावर कुठल्या ना कुठल्या स्वरूपात मर्यादा असते, इथं फक्त कर आहे, म्हणजे २०२५ साली संघाचा एकूण पगार २४.१ कोटी डॉलरच्या वर गेला की वरच्या रकमेवर मालकाला कर भरावा लागायचा. भरायची तयारी असेल तर कितीही उधळा. त्यामुळे चांगला खेळाडू हातचा गेला की 'बजेट नव्हतं' हे कारण कुणी ऐकूनच घेत नाही, चाहता सरळ विचारतो की मालकाला जिंकायचंय की नुसती तिकिटं खपवायचीत. वरवर भांडण शॉर्टस्टॉपच्या जागेवर कोण खेळाडू घ्यायचा याचं असतं, पण थोडं ताणलं की ते हमखास मालकाच्या दानतीवर येऊन थांबतं.

मुळात चाहत्यांना एवढं भांडायला मिळतंय ते खेळाडूंनी कोर्टकचेऱ्या केल्या म्हणून. पूर्वी रिझर्व्ह क्लॉज नावाचं कलम होतं, करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच, त्यामुळे हिवाळ्यात होणार काय तर मालकाने कोणाला विकलं किंवा बदललं एवढंच. १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला पाठवलं, त्याने जायला नकार दिला आणि थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तिथं १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ असा हरला. त्याचं करिअर त्यातच संपल्यात जमा झालं. पण वाट मोकळी झाली ती डिसेंबर १९७५ मध्ये, लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या (बेसबॉलमधले गोलंदाज) बाजूने निकाल दिला तेव्हा. मालकांनी साइट्झना लगेच काढून टाकलं, पण निकाल टिकला. तेव्हापासून मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट होतो, हवं तिथे जाऊ शकतो, आणि चाहत्याच्या डोक्याला दर नोव्हेंबरला नवा भुंगा लागतो.

मालकाच्या दानतीचं भांडण बघायचं तर बॉस्टनला जावं. डिसेंबर १९१९ मध्ये रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला १ लाख डॉलरला न्यूयॉर्कच्या यँकीजला विकून टाकलं, आणि त्यानंतर बॉस्टनला वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, मिळाली ती थेट २००४ मध्ये. अशा गावात फेब्रुवारी २०२० मध्ये मूकी बेट्सला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे पाठवलं तेव्हा लोकांचं काय झालं असेल ते बघा. बेट्स त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, २०१८ चा सर्वोत्तम खेळाडू, आणि डॉजर्सनी त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजही जिंकली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये संघाचे चेअरमन टॉम वर्नर 'फुल थ्रॉटल' जाऊ असं बोलून गेले. झालं, चाहत्यांनी ते दोन शब्द धरून ठेवले. त्या हिवाळ्यात प्रत्यक्षात आला तो पिचर लुकास जियोलिटो, दोन वर्षांचे ३.८५ कोटी, गाजराची पुंगी वाजली तर वाजली असा करार, आणि ती मोडूनच खावी लागली कारण सरावातच कोपर गेलं आणि २०२४ चा अख्खा हंगाम त्याने एकही बॉल टाकला नाही. वर सतत दुखापतग्रस्त असणारा पिचर क्रिस सेल अटलांटाला देऊन टाकला, तेव्हा बऱ्याच लोकांना हा सौदा पटलेला होता, सेल आता संपला असंच सगळे धरून चालले होते. सेलने तिकडे १८ विजय, दर नऊ इनिंगमागे २.३८ धावांची सरासरी आणि २२५ स्ट्राइकआउट काढून सर्वोत्तम पिचरचा साय यंग अवॉर्ड घेतला. बॉस्टनचे ८१ विजय, ८१ पराभव. 'फुल थ्रॉटल' मग पुढे कितीतरी दिवस टोमणा म्हणून चालला.

यँकीजवाल्यांचं दुखणं उलटं, त्यांच्याकडे पैसा आहे हे सगळ्या जगाला माहीत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचा स्टार हुआन सोटो शेजारच्या मेट्सकडे गेला, १५ वर्षं, ७६.५ कोटी डॉलर. यँकीजची बोली १६ वर्षांची, ७६ कोटींची होती, म्हणजे हात आखडता घेतला असंही म्हणता येईना. मग दोन तट पडले. एक म्हणणार सोटो गेला तर गेला, त्या पैशात मॅक्स फ्रीड आला, कोडी बेलिंजर आला, गोल्डश्मिट आला, चार भोकं बुजली. दुसरा म्हणणार चार बरे मिळून एक सोटो होत नाही. २०२५ मध्ये यँकीजने ९४ मॅच जिंकल्या, मेट्स ८३ वर अडकून प्लेऑफच्या बाहेर राहिले, आणि तरी वाद मिटला नाही कारण सोटोने ४३ होमरन मारलेच होते. माझ्या मते अशा वादाचा निकाल लागतच नाही, ज्याला जे सिद्ध करायचंय त्याला तेवढे आकडे सापडतातच.

कोचिंगवरचे वाद वेगळ्या जातीचे. हिटिंग कोचला काढलं की लोक तात्पुरते शांत होतात, पण खरं तर तो नक्की काय करतो हे बाहेरच्या कुणाला धड दिसत नाही, बॅटिंग खराब गेली की बळी त्याचा, एवढंच. मॅनेजरचं मात्र रोज दिसतं, सातव्या इनिंगला पिचर बदलला का नाही, कोणाला वर खेळवलं, म्हणून शिव्या त्याला जास्त. न्यूयॉर्कमध्ये यँकीजच्या एरन बूनला काढा ही मागणी जवळजवळ दर हिवाळ्यात होते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचा करार उलट २०२७ पर्यंत वाढवला.

पण मॅनेजरवरच्या भांडणाचा सगळ्यात चविष्ट किस्सा मिलवॉकीचा. क्रेग काउन्सल तिथल्याच उपनगरात वाढलेला, ब्रूअर्सकडून खेळलेला, २०१५ पासून मॅनेजर. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो उठून शिकागो कब्जकडे गेला, त्याच विभागातले कट्टर वैरी, पाच वर्षांचे ४ कोटी डॉलर, मॅनेजरला तोवर एवढे पैसे कुणी दिलेले नव्हते. कब्जने त्याच्यासाठी डेव्हिड रॉसला त्याच दिवशी घरी पाठवलं. शिकागोत वाद पेटला की रॉसवर अन्याय झाला का, मिलवॉकीत घरभेदी म्हणून काउन्सलच्या नावाने बोटं मोडणं सुरू झालं. ब्रूअर्सनी काय केलं तर काउन्सलचाच बेंच कोच, म्हणजे हाताखालचा माणूस, पॅट मर्फी, जो कॉलेजात काउन्सलचा कोच होता, त्यालाच खुर्चीत बसवलं. सगळे म्हणाले ब्रूअर्सनी आता माघार घेतली, त्यात हुकमी पिचर कॉर्बिन बर्न्सही विकला. २०२४ ला मर्फीच्या ब्रूअर्सचे ९३ विजय आणि विभागाचं विजेतेपद. रॉसच्या कब्जनी २०२३ ला ८३ मॅच जिंकल्या होत्या, काउन्सलच्या कब्जनी २०२४ ला बरोबर ८३. पुढच्या वर्षी प्लेऑफमध्ये दोघे समोरासमोर आले, पाच मॅचची लढत, तीही ब्रूअर्सनी ३-२ ने घेतली. आता याच्यावरनं मॅनेजरला किंमत नसते असं म्हणायचं की मर्फी काउन्सलपेक्षा भारी असं म्हणायचं, हे तुम्ही कोणत्या शहरात बसलाय त्यावर अवलंबून.

सगळ्यात मोठी जत्रा डिसेंबरच्या विंटर मीटिंगला, तेव्हा सगळे संघ, एजंट आणि पत्रकार एका गावात जमतात. २०२४ ला डॅलस होतं, त्याआधी नॅशव्हिल. अफवांचं पीक तेव्हाच येतं आणि ती पसरवण्यात चाहतेही मागे नसतात. ८ डिसेंबर २०२३ ला फ्री एजंट झालेला जपानी स्टार शोहेई ओतानी तिथल्या संघात जायला टोरांटोच्या विमानात बसलाय अशी हवा झाली, हजारो लोक अ‍ॅनाहाइमहून निघालेलं एक खासगी विमान नकाशावर टक लावून बघत होते, ते उतरलं आणि आतून एक कॅनेडियन उद्योगपती बाहेर आला. दुसऱ्याच दिवशी ओतानीने स्वतः डॉजर्सचं नाव जाहीर केलं, १० वर्षांचे ७० कोटी, त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे. त्याच्या आदल्या हिवाळ्यात कार्लोस कोरेयाचं झालं ते तर कादंबरीत खपलं नसतं: आधी सॅन फ्रान्सिस्कोशी १३ वर्षांचे ३५ कोटी ठरले, डॉक्टरांना जुन्या दुखापतीचा पाय खटकला, मेट्स मध्ये पडले १२ वर्षांचे ३१.५ कोटी घेऊन, त्यांच्याही डॉक्टरांना तोच पाय खटकला, आणि शेवटी स्वारी जुन्याच संघात, मिनेसोटात, सहा वर्षांच्या २० कोटींवर. मेट्सवाल्यांनी जवळजवळ तीन आठवडे त्याला धरून लाइनअप लावून झालं होतं.

मोठ्या नावांखाली बरीच किरकोळ हालचाल चालते, ४० जणांच्या यादीतून कोणाला वगळलं, रूल ५ ड्राफ्टमध्ये (दुसऱ्या संघांनी त्या यादीबाहेर ठेवलेले खेळाडू उचलायची सोय) कोण उचलला, कोणाला करारच दिला नाही. यात रस घेणारे चाहते थोडे पण भारी अभ्यासू असतात, त्यांच्यापुढे उगाच तोंड उघडू नये.

हिवाळ्यातल्या गुणपत्रिकांवर फार विसंबू नये हे सॅन दिएगोवाल्यांना विचारा. २०१४-१५ च्या हिवाळ्यात नवा जनरल मॅनेजर (खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा) ए. जे. प्रेलरने केम्प, अपटन, शील्ड्स, मायर्स असे धडाधड आणले, सगळ्यांनी त्यांना हिवाळ्याचे चॅम्पियन ठरवलं, हंगामात ७४ विजय आणि ८८ पराभव.

ही शेगडी पूर्ण थंड पडली ती एकदाच अलीकडे, २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२, ९९ दिवसांचा लॉकआउट, म्हणजे मालकांची टाळेबंदी, मेजर लीगचे करार आणि ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) बंद. तेव्हा मालक आणि खेळाडूंत झालेला समझोता १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे, आणि पगारावर मर्यादा आणायची का हा प्रश्न तेव्हा पुन्हा येणार हे धरून लहान शहरांतले आणि पैसेवाल्या डॉजर्सचे चाहते आधीपासूनच एकमेकांच्या उरावर बसलेत. पिट्सबर्गसारख्या ठिकाणचा माणूस म्हणतो मर्यादा आणा म्हणजे आमचीही पाळी येईल, त्याच्याच शेजारचा म्हणतो मर्यादा आली तर आमचा मालक वाचलेले पैसे खिशात घालेल, संघ विकून टाक म्हणावं त्याला.