घरगुती कार्बन न्याय

घरगुती कार्बन न्याय : कुटुंबांमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाची जबाबदारी आणि ते घटवण्याचा खर्च कोणी, किती उचलावा, याचा विचार. ऊर्जाधोरण, कर आणि गृहनिर्माण अशा तिन्ही क्षेत्रांशी तो निगडित आहे.

घरात व वाहनात जाळलेल्या इंधनाचे उत्सर्जन प्रत्यक्ष. विकत घेतलेल्या वस्तू-सेवा तयार होताना झालेले अप्रत्यक्ष. उत्पन्नाबरोबर दोन्ही वाढतात, पण विमानप्रवास आणि चैनीच्या खरेदीचा वाटा फार झपाट्याने वाढतो. ‘जागतिक विषमता अहवाल २०२२’ नुसार जगातील सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या १० टक्के लोकांकडे सुमारे ४८ टक्के उत्सर्जन जाते, तर तळाच्या निम्म्या लोकांकडे सुमारे १२ टक्के.

तरीही इंधनावरचा कर गरिबालाच अधिक बोचतो. त्याचे इंधन कमी जळते, पण मिळकतीतला मोठा हिस्सा त्यातच जातो. (जिथे गरीब घरांत लाकूडफाटा जळतो आणि वाहन नसते, अशा देशांत चित्र उलटेही असू शकते.) इंधनकराविरुद्ध फ्रान्समध्ये २०१८ साली ‘पिवळी जाकिटे’ आंदोलन पेटले आणि सरकारला २०१९ची नियोजित करवाढ मागे घ्यावी लागली.

यावरचा सर्वपरिचित उपाय म्हणजे कराची रक्कम लोकांना परत करणे. स्वित्झर्लंडमध्ये घरे वगैरे तापवण्याच्या इंधनावर २००८ पासून कार्बन कर आहे. त्यातील नागरिकांचा वाटा माणशी समान असतो आणि तो आरोग्यविम्याच्या हप्त्यातून वळता होतो. साहजिकच अनेकांच्या तो लक्षातही येत नाही. परताव्याने लोकांचे समाधान होतेच असे नाही : कॅनडाने ग्राहकांवरील इंधन-कार्बन शुल्क परतावा देऊनही एप्रिल २०२५ पासून बंद केले.

समान परताव्याने गरीब-श्रीमंत दरी काहीशी भरते, पण सारख्याच मिळकतीच्या दोन घरांतला फरक तसाच राहतो. एक राहते उष्णतारोधक भिंतींच्या सदनिकेत, दुसरे जुन्या, गळक्या खिडक्यांच्या भाड्याच्या घरात. धोरणात सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाजू हीच म्हणावी लागेल. दुरुस्ती घरमालकाच्या हाती आणि बिल भाडेकरूच्या माथी, मग खिडक्या बदलायच्या कोणी? जर्मनीने २०२३ पासून तापवण्याच्या इंधनावरील कार्बन खर्च दोघांत वाटला : ऊर्जेच्या दृष्टीने इमारत जितकी वाईट तितका मालकाचा वाटा मोठा, कमाल ९५ टक्के.

नवीकरणीय ऊर्जेचे अनुदान वीजबिलातून वसूल केले की गरीब घरांवरील भार वाढतो, शिवाय गॅसच्या तुलनेत वीज महाग होऊन उष्णता-पंप (बाहेरची उष्णता आत ओढून घर तापवणारे विजेवरचे यंत्र) मागे पडतो. जर्मनीने असा अधिभार जुलै २०२२ मध्ये शून्यावर आणून तो खर्च सरकारी निधीतून भागवायला सुरुवात केली.