तीन गळे, चोवीस ट्रॅक: 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा कोरस कसा उभा राहिला

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ब्रिटनमध्ये बाजारात आलं. जवळपास सहा मिनिटांचं गाणं, आणि त्यात फिरून फिरून येणारं ध्रुवपद नाही. मधला ऑपेराचा भाग ऐकताना भलामोठा गायकवृंद गातोय असं वाटतं. गळे मात्र तीनच आहेत: फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. खालचे स्वर मुख्यतः मे यांचे, मधले मर्क्युरीचे आणि कानात घुसणारे वरचे टेलर यांचे.

रेकॉर्डिंगला वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरुवात झाली. निर्माता होता रॉय थॉमस बेकर, आणि हाताशी दोन इंच रुंदीची, चोवीस ट्रॅकची, म्हणजे वेगवेगळे आवाज नोंदता येतील अशा चोवीस समांतर पट्ट्यांची, चुंबकीय टेप. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेल्या मर्क्युरीच्या डोक्यात सगळी स्वररचना तयार होती. ती चोवीस ट्रॅकमध्ये मावत नव्हती, हीच खरी अडचण.

त्यावर उपाय होता बाउन्सिंगचा. एक स्वर तिघांनी मिळून गायचा, मग तोच पुन्हा दोनदा, वेगवेगळ्या ट्रॅकवर. हे तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, जुने पुसायचे आणि मोकळ्या जागेत पुढचा स्वर घ्यायचा. तीन स्वरांचा मेळ असेल, तर हे सगळं तीनदा. असे सुमारे १८० थर चढवले गेले असं सांगितलं जातं.

प्रत्येक वेळी नव्याने गायचं कशासाठी? एकच टेक, म्हणजे एकदा गाऊन नोंदलेला आवाज, दोनदा तंतोतंत जुळवून लावला, तर आवाज फक्त ६ डेसिबलने वाढतो. माणूस एकच ऐकू येतो. नव्याने गायलं की स्वर किंचित वरखाली होतो आणि शब्द काही मिलिसेकंद मागेपुढे पडतात. ४४० आणि ४४२ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजले, की सेकंदाला दोन आंदोलनं, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात. अशी अनेक आंदोलनं एकमेकांत मिसळली की कानाला गर्दीचा भास होतो. स्वर फार ढळला तर मात्र कोरस बेसूर वाटतो, म्हणून तिघांची सुरावरची पकड इथे निर्णायक ठरली.

गाताना आधीचं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकावं लागतं, आणि ते मशीनच्या प्लेबॅक हेडवरून ऐकून चालत नाही. टेपवर आवाज नोंदणारं रेकॉर्ड हेड आणि तो वाचणारं प्लेबॅक हेड वेगवेगळ्या जागी असतात. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावत असेल आणि दोन हेडमध्ये पाच सेंटिमीटर अंतर असेल, तर नवा आवाज ०.१३ सेकंद उशिरा नोंदला जातो. म्हणून जुने ट्रॅकही रेकॉर्ड हेडवरूनच ऐकवतात.

बाउन्सिंगची किंमत मोजावी लागते. दर प्रतीबरोबर टेपची खरखर साठत जाते: सारख्याच पातळीची दुसरी खरखर मिळाली की ती ३ डेसिबलने वाढते. उंच कंपनांची धार बोथट होते. पातळी चढवून खरखर दाबायला जावं, तर टेप संपृक्त होऊन, म्हणजे तिची आवाज सामावण्याची मर्यादा संपून, आवाज फाटतो. एकदा मिसळलेल्या आवाजांचा तोल पुन्हा बदलता येत नाही. शिवाय टेप शेकडो वेळा हेडवरून घासली गेल्याने तिच्यावरचा लोह ऑक्साइडचा थर झिजतो. ही टेप उजेडासमोर धरली की आरपार दिसायचं, असं मे यांनी सांगितलं आहे. एवढं सोसूनही त्या कोरसमधले शब्द स्वच्छ कळतात, ही बेकर आणि त्यांच्या तंत्रज्ञांची मोठी कमाई आहे.

ब्रिटनमध्ये गाणं सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मर्क्युरीच्या निधनानंतर, १९९१ मध्ये, ते पुन्हा तिथे पोहोचलं. अमेरिकेत १९७६ मध्ये ते नवव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. १९९२ मध्ये 'वेन्स वर्ल्ड' या चित्रपटामुळे दुसऱ्यापर्यंत. व्यासपीठावर मात्र हा कोरस कधीच उभा करता आला नाही. कार्यक्रमात ऑपेराचा भाग टेपवरूनच वाजवला जाई आणि वादक रॉकच्या भागाला परत येत.

आज संगणकावर ट्रॅकची मोजदाद नाही आणि प्रतीत खरखरही वाढत नाही. तरी घरी कोरस करायचा असेल तर कॉपी-पेस्ट टाळा. प्रत्येक स्वर निदान तीनदा वेगळा गा, मधल्या एखाद्या टेकला माइकपासून थोडं मागे सरका आणि 'स', 'श' ही व्यंजनं एकाच टेकमध्ये स्पष्ट उच्चारा. बाकीच्या टेकमध्ये ती हलकी ठेवली नाहीत, तर मागेपुढे पडून त्यांचा फुसफुसाट होतो.