गाडीची किल्ली वॉटर हीटरवर

थंडीत खोल्या गरम होत नाहीत आणि गॅसचं बिल मात्र वाढतच चाललंय, अशी तक्रार असली की अमेरिकेत एनर्जी ऑडिटरला बोलावतात. आपल्याकडे एनर्जी ऑडिटर म्हणजे बीईई या केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत संस्थेची परीक्षा पास झालेला, कारखान्यातले बॉयलर आणि कॉम्प्रेसर तपासणारा इंजिनिअर. तिकडचा ऑडिटर राहत्या घरात येतो आणि तळघरापासून पोटमाळ्यापर्यंत फिरून ऊब कुठून निसटते ते शोधतो. न्यू जर्सीत किंवा बॉस्टनकडे जुनं घर घेतलेल्या मराठी मंडळींनी त्याला पाहिलेलं असेल. काम साधं वाटतं, पण यातला एक मोठा धोका त्याने स्वतः आणलेल्या यंत्रापासूनच सुरू होतो.

त्या यंत्राचं नाव ब्लोअर डोअर. मुख्य दाराच्या चौकटीत जाड कापडाचा पडदा ताणून बसवायचा, त्यात मोठा पंखा लावायचा, बाकीची दारं-खिडक्या बंद करायच्या आणि घरातली हवा बाहेर फेकायची. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी होईपर्यंत पंख्याचा वेग वाढवतात. ५० पास्कल म्हणजे पाण्याच्या नळीत जेमतेम ५ मिलिमीटरचा फरक. पण तोच दाब दोन चौरस मीटरच्या दारावर दहा किलोच्या वजनाएवढा रेटा देतो. मग बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. तिथे हात धरला तरी झोत लागतो. शिवाय पंख्याला किती हवा फेकावी लागली यावरून घर एकूण किती गळकं आहे तेही कळतं.

गंमत अशी की हवेच्या लेखी धुराडं हीसुद्धा एक फटच. तळघरातल्या जुन्या पद्धतीच्या गॅस वॉटर हीटरचा धूर कुठल्याही पंख्याशिवाय, केवळ गरम हवा वर चढते म्हणून बाहेर जातो. ही ओढ असते फक्त काही पास्कलची. ५० पास्कलच्या पंख्यापुढे तिचा काय निभाव लागणार? धूर उलटा फिरून तळघरात उतरतो. म्हणून पंखा सुरू करण्याआधी हीटर आणि घर गरम करणारी भट्टी बंद करायची किंवा नुसत्या पायलटवर, म्हणजे आतल्या बारीक ज्योतीवर, ठेवायची, हा पहिला नियम. चाचणी आटोपल्यावर ती पूर्ववत करायला विसरू नये म्हणून अनुभवी ऑडिटर आपल्या गाडीची किल्ली वॉटर हीटरवरच ठेवून देतात. किल्ली घेतल्याशिवाय गाडी निघत नाही आणि किल्ली घ्यायला गेलं की हीटर आठवतो. सुरक्षेचे जाडजूड फॉर्म एकीकडे आणि ही युक्ती एकीकडे. मला युक्तीवर जास्त भरवसा वाटतो.

धूर खोलीत परतला की खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची. या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि सहजी सुटत नाही. मोकळ्या हवेत आल्यावरही त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. ऑडिटरच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची, कारण तो दिवसात एकच घर बघतो असं नाही. सकाळच्या तळघरात घेतलेला वायू पुरता उतरायच्या आत तो दुपारच्या घरात शिडीवर चढलेला असतो, आणि या वायूने आधी डोकं जड होतं, मग निर्णय चुकायला लागतात.

घरातल्या भिंतीवरचा मोनॉक्साइडचा अलार्म ऑडिटरच्या उपयोगाचा नाही. अमेरिकी मानकाप्रमाणे ७० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू असताना, हा अलार्म एक ते चार तासांच्या दरम्यान वाजायला हवा. ३० पीपीएमला त्याने लगेच वाजूच नये, असंही मानकच सांगतं, नाहीतर लोक कटकटीला कंटाळून बॅटरी काढून ठेवतात. कामगारांसाठी नायॉश या अमेरिकी संस्थेची शिफारस मात्र पूर्ण पाळीची सरासरी ३५ पीपीएमच्या वर जाऊ नये अशी आहे. म्हणून ऑडिटर एक-एक पीपीएम दाखवणारा छोटा मीटर अंगावर लावूनच दारातून आत शिरतो.

ब्लोअर डोअर काढून ठेवल्यावरही धुराड्याची परीक्षा बाकीच असते. रोजच्या वापरात घरातली हवा बाहेर ओढणारी यंत्रं थोडीथोडकी नसतात. कपड्यांचा ड्रायरच मिनिटाला चार हजार लिटरच्या आसपास हवा बाहेर टाकतो. स्वयंपाकघरातली चिमणी आणि बाथरूमचे पंखे वेगळेच. ही सगळी एकदम चालू करायची, दारं बंद करायची, मग हीटर पेटवायचा आणि त्याच्या डोक्यावरच्या छत्रीसारख्या झाकणाशी धुराची बारीक रेघ सोडून बसायचं. रेघ आत ओढली गेली तर ठीक. काही मिनिटांनंतरही ती तोंडावरच येत राहिली, तर फटी बुजवायचं काम तिथेच थांबवतात. कारण गळक्या घरात निदान फटींतून हवा येत तरी होती. त्या बुजवल्या की पंख्यांना हवा पुरवायला धुराडंच उरतं.

मुंबई-पुण्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं दगावतात, त्यामागचं रसायन हेच. कोंडलेल्या जागेत ऑक्सिजन कमी होत जातो, ज्वलन अर्धवट होतं आणि मोनॉक्साइड वाढत जातो.

पोटमाळ्यावरचा धोका वेगळा आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या घरांच्या माळ्यावर राखाडी-तपकिरी, चमचमत्या खड्यांचा थर सापडतो. हे वर्मिक्युलाइट. अभ्रकाच्या जातीचं हे खनिज तापवलं की लाह्यांसारखं फुलतं आणि उष्णता अडवतं. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या वर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून अधिक माल मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या एकाच खाणीतला होता, आणि त्या खाणीत ॲस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक तंतूंचं खनिजही होतं. २००९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, लिबीत सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. असा थर दिसला तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालायचं, हा ईपीएचा सल्ला. साधा धुळीचा मास्क या तंतूंना अडवत नाही. अशा घरात हवा बाहेर ओढणारा पंखा लावला तर छताच्या फटींतून तेच तंतू खाली बैठकीच्या खोलीत येतील. त्यामुळे ऑडिटर थर न हलवता माळ्याचं झाकण लावतो आणि ती चाचणी रद्द करतो.

बाकी मग नेहमीचंच. माळ्यावर फक्त तुळयांवर पाय द्यायचा, कारण मधलं छत असतं साधारण १३ मिलिमीटर जाडीच्या जिप्समच्या फळीचं आणि इन्सुलेशनखाली ते दिसतही नाही. वर छपराच्या खिळ्यांची टोकं डोक्यात घुसायला टपलेली. उन्हाळ्यात तिथलं तापमान सहज ५० अंशांच्या पुढे जातं, म्हणून माळा सकाळी लवकर उरकतात. १९४० च्या आधीच्या घरात चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या वायरींचं आवरण ठिसूळ होऊन गळालेलं असतं, तेव्हा हात लावण्याआधी टेस्टर.

ऑडिटर यायचा असेल तर फायरप्लेसमधली राख पूर्ण थंड झाल्यावर आदल्या दिवशीच काढून टाका, नाहीतर पंखा लागला की ती सोफ्यावर येऊन बसेल. गॅसचा वास येत असेल तर ऑडिटर घरात शिरायच्या आधीच त्याला सांगा, आणि दिव्याचं बटण दाबू नका. माळ्यावर चमचमते खडे पाहिल्याचं आठवत असेल तर तेही फोनवरच कळवा; ‘दाखवतो’ म्हणून स्वतः वर चढू नका.