बटणावरचं 'पुन्हा प्रय…' : दोष कुणाचा?

एखाद्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरची भाषा मराठी केली की अनेकदा आधी दिसतात ते तुटके शब्द. 'पुन्हा प्रय…' एवढंच लिहिलेलं बटण, 'रद्द'मधल्या जोडाक्षराचा छाटलेला पाय, 'मूर्ती'वरचा गायब रफार. यावर ठरलेलं मत असं की मराठी शब्दच लांबलचक, भाषांतर करणाऱ्याने आटोपशीर शब्द शोधायला हवे होते. भाषांतरकार बिचारा निर्दोष असतो. बटणाचं माप कुणीतरी आकडा टाकून आधीच ठरवलेलं असतं आणि तो आकडा रोमन लिपी मोजून आलेला असतो.

हे शब्दशः खरं आहे. विंडोजच्या जुन्या डायलॉग बॉक्सचं (प्रश्न विचारणाऱ्या छोट्या चौकटीचं) माप पिक्सेलमध्ये नसे, 'डायलॉग युनिट'मध्ये असे. आडवं एक युनिट म्हणजे अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग, उभं एक युनिट म्हणजे फाँटच्या उंचीचा आठवा. कल्पना चांगली होती, कारण फाँट वाढला की चौकटही वाढे. गोम आहे ती सरासरीत. ती काढायची ए ते झेड, मोठी आणि लहान मिळून ५२ रोमन अक्षरांवरून. ८ पॉइंटच्या टाहोमा फाँटमध्ये, ९६ डीपीआयच्या (इंचाला ९६ ठिपक्यांच्या) पडद्यावर, ती येते ६ पिक्सेल आणि उंची १३. बटणाचं प्रमाण माप ५० बाय १४ युनिट. म्हणजे ५० × ६ ÷ ४ = ७५ पिक्सेल रुंदी आणि १४ × १३ ÷ ८ = सुमारे २३ पिक्सेल उंची. हे ७५ बाय २३ आजही असंख्य प्रोग्राममध्ये ठाण मांडून बसलं आहे.

त्यात टाहोमामध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. मराठी मजकूर आला की ती मंगलसारख्या दुसऱ्या फाँटमधून उसनी आणली जातात, चौकट मात्र टाहोमाच्या मापाचीच राहते. देवनागरीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार यांना जागा लागते आणि खाली उकाराला, 'ष्ट्र'सारख्या जोडाक्षराला. कात्री नेमकी तिथेच चालते.

७५ चे ११० केले तर हे एक बटण सुटेल, पुढचं अडेल. म्हणून आधुनिक टूलकिटमध्ये (खिडक्या-बटणं बनवायच्या तयार संचात) माप लिहायचं नसतं, विचारायचं असतं. क्यूटचं (Qt) उदाहरण घेऊ. १९९० च्या दशकात नॉर्वेमध्ये सुरू झालेल्या या टूलकिटवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपचा सगळा संसार उभा आहे. यात पडद्यावरच्या प्रत्येक घटकाला तीन प्रश्न विचारले जातात: किमान किती हवं, आवडेल किती, कमाल किती चालेल? कमाल सांगितली नसेल तर १,६७,७७,२१५ पिक्सेल धरतात (२ चा २४ वा घात, वजा १), म्हणजे 'द्याल तेवढं घेतो'. शिवाय प्रत्येकाचा एक 'स्ट्रेच' असतो, म्हणजे उरलेल्या जागेतला वाटा. उत्तरं खालून वर जातात: बटण पट्टीला सांगतं, पट्टी पॅनेलला, पॅनेल विंडोला. मग जागा वरून खाली वाटली जाते.

ही वाटणी कशी होते ते पाहण्यासारखं आहे. कागद-पेन्सिल जवळ असू द्या. एका विंडोत तीन पॅनेल आहेत. डावीकडची यादी: किमान १२०, पसंती २००, स्ट्रेच ०. मधलं संपादन-क्षेत्र: किमान ३००, स्ट्रेच ३. उजवीकडचे गुणधर्म: किमान १५०, कमाल २४०, स्ट्रेच १. समास आणि मधल्या फटी वजा जाता ९०० पिक्सेल हाती आहेत. स्ट्रेच शून्य असलेल्या यादीला तिच्या पसंतीचे २०० मिळतात. उरलेल्या ७०० चे ३ : १ असे भाग पडतात, मधल्याला ५२५ आणि उजवीला १७५. सगळे खूश.

आता विंडो ७६० पर्यंत आवळा. यादी २००, उरले ५६०, वाटे ४२० आणि १४०. पण उजवीची किमान मागणी १५०. मग तिला १५० देऊन वाटणीतून बाहेर काढायचं आणि उरलेलं पुन्हा वाटायचं: मधल्याला ४१०. उलट विंडो १४०० केली तर १२०० चे वाटे ९०० आणि ३००. उजवीची कमाल २४०, म्हणून ती तिथेच थांबते आणि मधल्याला मिळतात ९६०. एकाच फेरीत कुणाला कमी आणि कुणाला जास्त पडलं तर? एकूण तूट आणि एकूण आधिक्य यांची तुलना करायची, जे मोठं असेल त्या बाजूचे घटक आधी गोठवायचे, बाकीच्यांची वाटणी पुन्हा करायची. प्रत्येक फेरीत निदान एक घटक गोठतोच, त्यामुळे घटकांच्या संख्येइतक्या फेऱ्यांत हिशेब संपतो. वेब पानांची मांडणी करणाऱ्या फ्लेक्सबॉक्सची पद्धतही याच जातीची आहे. ६५० च्या खाली गेलं की स्ट्रेचवाले दोघे किमानावर टेकलेले असतात, मग यादीने आपली पसंती सोडायची. ५७० ला तीही किमानावर येते आणि विंडो आणखी लहान व्हायला नकार देते.

हा नकार बरेच जण 'बग' समजतात. बहुतेक वेळा कारण एखाद्या क्षुल्लक लेबलात सापडतं. तळाच्या पट्टीत फाइलचा लांबलचक पत्ता दाखवला आणि ओळ मोडायची परवानगी दिली नाही, तर त्या लेबलाची किमान रुंदी म्हणजे पूर्ण मजकुराची रुंदी. ती बेरजेत जाते आणि सगळी विंडो ताणली जाते. लेबलाचं आडवं धोरण 'इग्नोअर्ड' (म्हणजे मजकुराची रुंदी विचारातच न घेणारं) करायचं आणि पत्ता मध्यभागी तीन टिंबं देऊन आखडायचा, की झालं. ओळ मोडू दिली तर वेगळा पेच: उंची रुंदीवर अवलंबून राहते, म्हणून आधी रुंदीची वाटणी पूर्ण करायची आणि मगच उंची विचारायची.

थीमचंही, म्हणजे प्रोग्रामच्या रंगरूपाचंही, असंच आहे. पूर्वी थीम म्हणजे चित्र होतं. विनअँप या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामच्या जुन्या स्किनमध्ये (थीममध्ये) मुख्य खिडकी मोजून २७५ बाय ११६ पिक्सेलची. १५.६ इंची फोर-के पडद्यावर ती मोठी न करता दाखवली तर जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंद दिसेल. आता रंगांना भूमिका असतात: पार्श्वभूमी, मजकूर, निवड, दुवा. थीम लिहिणाऱ्याने भूमिकांचे रंग बदलावेत, घटकांना एकेक करून रंगवू नये. क्यूटच्या स्टाइलशीटमध्ये (रंगरूपाचे नियम लिहायच्या फाइलमध्ये) सर्वांत वरच्या घटकाला काळी पार्श्वभूमी दिली की ती मेनू, सूचना-चौकटी, सगळीकडे झिरपते आणि कुठेतरी काळ्यावर काळी अक्षरं उमटतात. ड्रॉपडाउनची नुसती कडा बदलली तरी मूळ प्रणालीचं रेखाटन बंद पडतं, म्हणून त्याचा बाणही स्वतः द्यावा लागतो. आणि थीममध्ये उंची पिक्सेलमध्ये बांधली की वरचा सगळा हिशेब पाण्यात. उकार पुन्हा कापले जातात.

रंग वाचता येतो का, हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या मूल्यांचं आधी रेषीय प्रकाशात (प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात) रूपांतर करायचं, मग त्यांना ०.२१२६, ०.७१५२ आणि ०.०७२२ ने गुणून बेरीज करायची. ही झाली उजळता. (उजळ रंगाची उजळता + ०.०५) ÷ (गडद रंगाची उजळता + ०.०५), हे गुणोत्तर साध्या मजकुरासाठी निदान ४.५ हवं. पांढऱ्यावर तिन्ही घटक (० ते २५५ पैकी) ११९ असलेला राखाडी ४.४८ देतो, नापास. ११८ चा ४.५४, पास. शुद्ध निळ्याची उजळता फक्त ०.०७२२, म्हणून काळ्यावर त्याचं गुणोत्तर २.४४ च येतं. गडद थीम केली आणि दुव्याची भूमिका बदलायची राहिली, की दुवे दिसेनासे होतात ते यामुळे.

गडद थीमने चष्म्याचा नंबर उतरतो, बॅटरी दुप्पट चालते, असे संदेश फिरत असतात. नंबराच्या दाव्याला आधार नाही. उलट गडद पडद्यापुढे बाहुली रुंदावते आणि ज्यांना दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) आहे त्यांना पांढरी अक्षरं फुटलेली दिसू शकतात. बॅटरी ओलेड पडद्यावर वाचते, कारण तिथे काळा पिक्सेल प्रकाशच देत नाही. एलसीडीत मागचा दिवा काळ्यामागेही जळतच असतो.

लेआउट तपासायला महागडं साधन लागत नाही. सगळ्या लेबलांत 'राष्ट्रीय मूर्तींची सूची' भरा. त्यात वरचं-खालचं बहुतेक सगळं आलं. मुख्य फाँट म्हणून निर्मला यूआय किंवा नोटो सॅन्स देवनागरी द्या, म्हणजे उसनवारी टळेल. मग पडद्याची स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवायचं प्रमाण) १००, १२५, १५० टक्के करत विंडो किमान आकारापर्यंत आवळा. १२५ टक्क्यांना एक पिक्सेलची कडा सव्वा पिक्सेल होते आणि कुठे जाड, कुठे पुसट दिसते. शेवटी माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कळ दाबत जा. अनेक देखण्या थीममध्ये निवडलेल्या बटणाभोवतीची रेघ काढून टाकलेली असते, आणि आपण नक्की कुठल्या बटणावर आहोत ते तिसऱ्या टॅबनंतर कळेनासं होतं.