मेलेल्या माशाचाही मेंदू ‘उजळतो’

‘प्रेमात पडलं की मेंदूचा अमुक भाग उजळतो’ अशा ओळीखाली लाल-पिवळ्या ठिपक्यांचं चित्र वर्षानुवर्षं फिरतंय. मेंदूत काहीही उजळत नाही. ही चित्रं काढणाऱ्या एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅनला विचार दिसत नाहीत, पेशींतली वीजही नाही. दिसतं ते रक्त. जो भाग कामाला लागतो तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त धावतं, आणि ऑक्सिजन असलेल्या-नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण वेगळे. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हा फरक टिपला. पण रक्ताची ही लाट टोकाला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. तोवर विचार कुठच्या कुठे!

रंग तर संगणकाने भरलेले. स्कॅनमधल्या मेंदूचे हजारो बारीक ठोकळे पाडून, तो कामाला लागला का, अशी प्रत्येकाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतात. एवढ्यांत काही निव्वळ योगायोगाने ‘पास’ होतातच. २००९ मध्ये मेंदू-संशोधक क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि यांच्या मनात कोणती भावना आहे, असं रीतसर विचारलं. मासा मेलेला होता. तरी त्याच्या मेंदूत लाल ठिपके उमटले! योगायोगाचा हिशेब धरून गणित पुन्हा केलं, तेव्हा ते गायब झाले. २०१२ मध्ये या उद्योगाला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं.