कृपादान वेगळं, फळ वेगळं

"त्या भावांवर मोठा अभिषेक आहे," म्हणजे पवित्र आत्म्याचं मोठं सामर्थ्य आहे, असं आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सर्रास बोललं जातं. कशावरून, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: संदेश काय देतात (देवाकडून मिळालेला शब्द बोलून दाखवतात), अन्य भाषांमध्ये, म्हणजे न शिकलेल्या, आत्म्याने सुचवलेल्या भाषांमध्ये प्रार्थना काय करतात, हात ठेवला आणि अमक्याचा ताप उतरला. मग वर्षा-दोन वर्षांत त्याच भावांच्या घरातलं किंवा पैशाच्या व्यवहारातलं काहीतरी बाहेर येतं आणि त्यांच्याकडे बघून विश्वासात आलेली तरुण मुलं मोडून पडतात. "म्हणजे ते सगळं खोटंच होतं का?" हा प्रश्न मला रडत रडत विचारला गेला आहे. प्रत्येक वेळी खोटंच असतं असं नाही. आपण दोन वेगळ्या गोष्टी एकच धरून चालतो, आणि चूक तिथेच होते.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आत्म्याची कृपादानं (त्याने दिलेली खास सामर्थ्यं) आहेत आणि आत्म्याचं फळ (त्याने माणसात घडवलेला स्वभाव) आहे. दोन्ही आत्म्याचीच, म्हणून घोळ होतो. कृपादानांची यादी प्रेषित पौलाने करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात आहे: ज्ञानाचं वचन, रोग बरे करणं, अद्भुत कृत्यं, संदेश, भाषा, त्या भाषांचा अर्थ सांगणं. फळ आहे गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. दानं अनेकवचनी आहेत आणि वाटून दिलेली आहेत, कोणाला हे तर कोणाला ते. फळ मात्र मूळ ग्रीकमध्येही एकवचनी आहे. नऊ फळं नाहीत, एकच घड आहे. म्हणून "मला संदेशाचं दान नाही" असं म्हणायला जागा आहे, "मला सहनशीलता दिलेली नाही" असं म्हणायला नाही.

एखाद्याकडे दान भरपूर आणि फळ जवळपास नाही, असं होऊ शकतं का? करिंथची मंडळी पाहा. पौल पहिल्याच अध्यायात सांगतो की ते कुठल्याही कृपादानात उणे नाहीत. आणि तिसऱ्या अध्यायात त्याच लोकांना तो दैहिक म्हणतो, कारण त्यांच्यात हेवा आणि कलह आहे. अकराव्या अध्यायात तर प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला) जमले असताना एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो. मंडळी तीच, दानंही खरीच. जुन्या करारातल्या शमशोनावर परमेश्वराचा आत्मा येई तेव्हा तो सिंहसुद्धा फाडून टाकी, पण स्वतःच्या वासनेला त्याला आवर घालता आला नाही. येशूने बारा जणांना रोग बरे करण्याचा अधिकार देऊन पाठवलं, त्यांत पुढे त्यालाच धरून देणारा यहूदाही होता. डोंगरावरच्या प्रवचनात संदेश दिलेल्या, भुतं काढलेल्या लोकांना प्रभू म्हणतो, मला तुमची कधी ओळखच नव्हती. त्याआधी काही ओळींवर त्याने ओळखण्याची खूण सांगून ठेवली आहे: फळांवरून.

दान हातात दिलं जातं, फळ वाढावं लागतं. यातला फरक मला पुस्तकापेक्षा निफाडच्या बागेत जास्त कळला. आमच्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरात गोडी छाटणी. खरड छाटणी पहिल्यांदा बघणाऱ्याला बाग उद्ध्वस्त झाली असंच वाटतं. ज्या काड्यांना घड लागले होते त्या ओलांड्यापर्यंत (तारेवर आडव्या वळवलेल्या जाड फांदीपर्यंत) मागे कापतात, एखाददुसरा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, ठेवतात. वर मांडवाची तार, खाली उघडी खोडं, भर उन्हात सावलीचा पत्ता नाही. आणि पुढच्या फेब्रुवारीत जे घड लागायचे, त्यांची घडण त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत, नव्या काडीच्या डोळ्याच्या आत होते. बाहेरून काहीही दिसत नाही. काडी तेव्हा नीट पिकली नाही तर ऑक्टोबरात कितीही खतं घाला, घड कमीच निघतात. मामा कातरी चालवताना फार बोलत नाही. एकदा मी म्हटलं, एवढं कापायचं? तो म्हणाला, "ही वाढ दिसायला बरी, पण तिला माल लागत नाही."

येशूच्या देशात वेल हिवाळ्यात झोपी जातो, त्यामुळे तिथली मुख्य छाटणी एकच. पण योहान १५ मधलं काम तेच आहे. पिता माळी आहे, आणि फळ देणाऱ्या फाट्यालाच तो छाटतो. तिथे छाटण्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा अर्थ स्वच्छ करणं, आणि पुढच्याच वचनात "तुम्ही शुद्ध आहात" हा शब्द त्याच मुळातला. आपल्या भाषांतरात हा धागा लपतो, म्हणून सांगितलं. छाटणी ही शिक्षा नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, सेवेतलं स्थान काढून घेतलं गेलं, की आपण लगेच विचारतो, माझं काय चुकलं? कधी चुकलेलं असतं, कधी नसतं. रोमकरांस पत्रात क्रम दिला आहे: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. शील धीराच्या नंतर येतं, आधी नाही. जवळची वाट मला तरी सापडलेली नाही.

मग आपण काय करायचं? येशू फाट्याला एकच काम देतो: माझ्यामध्ये राहा. फाटा जोर लावून द्राक्ष काढत नाही. पण राहणं म्हणजे हात बांधून बसणंही नाही. पेत्र आपल्याला होईल तितका प्रयत्न करायला सांगतो. रोजचं वचन, पापाची कबुली, ज्याच्याशी बिनसलं त्याच्या दारी पहिल्यांदा आपण जाणं, हे सगळं त्या राहण्यातलंच आहे. आणि स्वभावाने मऊ असणं म्हणजे सौम्यता नव्हे. काही माणसं जन्मतःच शांत असतात. फळ तिथे दिसतं जिथे स्वभाव उलट्या बाजूला ओढत असतो.

यावरून कोणी दानांना कमी लेखू नये. प्रीतीच्या मागे लागा असं सांगून पौल त्याच वाक्यात आत्मिक दानांची उत्कंठा बाळगायला सांगतो. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी आत्मिक जागृती झाली. मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करत, पाप कबूल करत, अन्य भाषाही बोलल्या. ते खरं होतं असं मी मानतो. पण रमाबाईंची आठवण येते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी दुष्काळातून आणलेल्या मुलींना वर्षानुवर्षं सांभाळणारी बाई येते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या आयुष्याच्या अखेरपर्यंत मराठी शास्त्राचं भाषांतर करत बसल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम सुटलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या.

मंडळीचा पुढारी निवडताना तरी हा फरक लक्षात ठेवावा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाच्या गुणांची जी यादी आहे, तिच्यात कौशल्य म्हणावं असं जवळजवळ एकच आहे, शिकवण्यात निपुण. बाकी सगळं चालचलणुकीचं: नेमस्त, अतिथिप्रिय, मारका नसलेला, पैशाचा लोभ नसलेला, घर नीट चालवणारा. आपण मात्र उमेदवाराचं प्रवचन ऐकतो आणि ठरवतो. त्याच्या बायकोला, शेजाऱ्याला, दुकानदाराला कोण विचारतं?

आमच्या मंडळीत एक ताई आहेत. प्रभुभोजनाचे छोटे काचेचे पेले गेली तीसेक वर्षं त्याच धुतात. त्यांनी कधी संदेश दिला नाही, कॉन्व्हेन्शनला त्यांचं नाव कधी छापलं गेलं नाही. मी संडे स्कूलमध्ये असताना माझ्या हातून त्यातला एक पेला फुटला होता, आणि ताईंनी सगळ्यांसमोर मला असं झापलं की मी महिनाभर त्यांच्या समोर गेलो नाही. त्या तशाच होत्या, सगळं गाव म्हणायचं. मधल्या वर्षांत त्यांचे यजमान गेले, मुलगा दूर राहिला, दोन ऑपरेशनं झाली. गेल्या महिन्यात एका पोराने अख्खा ट्रे पाडला. वेदीपासून दरवाजापर्यंत काचाच काचा. ताई आतून धावत आल्या, त्याचा हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "लागलं नाही ना रे बाळा?"